पेन्सिलीआड लपवलेली चूक

आमच्या छोट्या ऑफिसात मालवाहतुकीच्या गोदामांसाठी सॉफ्टवेअर बनतं. कोडमध्ये बदल केला की काय केलं याची एक ओळ लिहावी लागते. तिला कमिट मेसेज म्हणतात. अशा शेकडो ओळींतून हवी ती शोधताना डोळे दुखायचे. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी तोड काढली : ओळीच्या सुरुवातीला इमोजी. चूक दुरुस्त केली तर किडा, नवं काही केलं तर चांदण्या, कोडमध्ये समजावणीसाठी लिहिलेल्या नुसत्या टिपा बदलल्या तर पेन्सिल. वरून नजर फिरवली तरी कळायचं. पेन्सिलवाली ओळ कोणी उघडतही नसे. टिपांनी काय बिघडणार?

पण माझ्याच चुका निस्तरताना माझ्या नावापुढे किडेच किडे दिसू लागले. डबा खाताना एकानं विचारलंच, "सर, किड्यांची शेती करून राहिले का?" सगळे हसले. मीही हसलो. वय सत्तेचाळीस, ऑफिसात सगळ्यांत जुना मी. लागलं मनाला. त्याच आठवड्यात ट्रक बाहेर सोडायच्या गेटपासमधली एकच चूक तिसऱ्यांदा दुरुस्त केली आणि ओळीपुढे पेन्सिल टाकली. जाणूनबुजून.

दुसऱ्या दिवशी वाडीच्या गोदामात गेटपास निघेनात. ट्रकांची रांग पार रस्त्यावर गेली. मॅडम सकाळपासून एकेक किडा, एकेक चांदणी तपासत होत्या. पेन्सिलीपर्यंत यायला दुपारचे तीन वाजले. बिघाड तिथंच होता.

"सर, याच्यावर पेन्सिल काहून?"

मालक मागेच उभे होते. मी म्हणालो, "चुकून पडली असंल. इतक्या चित्रांत होते गोंधळ."

मालक मॅडमवर उखडले. "बालवाडी आहे का हे? बंद करा ते!" नव्या कामाची जबाबदारी त्यांना मिळायची होती, ती माझ्याकडे आली. आणि मॅडम मलाच म्हणाल्या, "सॉरी सर, माझ्यामुळे तुम्ही गडबडले."

चार महिने ते वाक्य मी मनात ऐकत राहिलो. शेवटी मागच्या सोमवारी चहाच्या टपरीवर त्यांना सगळं सांगितलं.

"किड्यांच्या लाजेपायी?"

"हो."

"बाप्पा! अन् मी विचार करून राहिली, चित्रं कमी ठेवली असती तर असं झालं नसतं." चहाचा कप त्यांनी तसाच खाली ठेवला. "मले सांगून काय होते? त्यांले सांगा."

गेलो. मालकांनी ऐकून घेतलं. मग मॅडमना आत बोलावून काम त्यांच्या हवाली केलं. मी माझं नाव त्या कामाच्या यादीतून काढायला सांगितलं.

"काहून?" मॅडम म्हणाल्या. "गेटपासचं तुमच्याइतकं कोणाले माहीत आहे? राहा तुम्ही. पण तुमची एकेक ओळ मी उघडून पाहीन."

"पाहा," मी म्हणालो.