समृद्धी खरं बोलत होती

शुक्रवार, २२ ऑगस्ट. उद्या कोरेगावच्या एका शाळेत जायचंय, म्हणून जेवणाच्या टेबलावर कार्डशीट पसरून चित्रं चिकटवते आहे. लॉटरी लागल्याचा मेसेज, वीज तोडायची धमकी, बँकेतून बोलतोय म्हणणारा माणूस. लहान मुलांना मोबाईलवरची फसवणूक ओळखायला मी शिकवते. तासगाव तालुक्यात या कामासाठी मला ओळखतात.

पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ते मलाही नीट माहीत नाही.

हे काम सोडायचा प्रयत्न केला. तब्येतीचं कारण दिलं. केंद्रप्रमुख म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारखं कोण सांगणार? ती मुलीची गोष्ट तेवढी सांगाच. पोरं गप्प बसून ऐकतात."

ती मुलीची गोष्ट. नको म्हणायचं तर खरं कारण द्यावं लागेल. आणि कारण दिलं तर — मग उरलं काय?

दोन वर्षांपूर्वी समृद्धी माझ्याकडे दुसरीत होती. वडील फौजेत, आई सुनीता बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायची. आम्हा शिक्षकांना रोज वरून काहीतरी येतं — परिपत्रक, फॉर्म, लिंक — आणि ते पालकांच्या ग्रुपवर ढकलायचं. वाचतं कोण? त्या सकाळी मुलींच्या शिष्यवृत्तीची लिंक आली. 'आजच भरा' असं लिहिलेलं. डबा भरता भरता मी ती पुढे पाठवली.

थोड्या वेळाने मैत्रिणीचा फोन आला. लिंक खोटी होती. मी लगेच मेसेज पुसला. वाटलं, वाचले.

पण समृद्धीने तो आईच्या मोबाईलवर आधीच पाहिला होता. वाचायला नुकती शिकलेली, त्यात बाईंचा मेसेज. आई भाकरी थापत होती. ही पासबुकातून बघून खात्याचा नंबर भरत गेली, ओटीपीचे आलेले आकडेही तिनेच टाकले. वडिलांनी घराच्या पत्र्यासाठी पाठवलेले पैसे गेले.

दुपारी सुनीता समृद्धीचा दंड धरून वर्गात आली.

"बाई, ही म्हणती लिंक तुमी पाठवली. तितं तर कायच न्हाई. पुसलंय म्हणून दाखवतंय."

तेव्हा हो म्हणायला किती वेळ लागला असता? मला नोकरी दिसली, चौकशी दिसली, गावात होणारी चर्चा दिसली. हे कारण म्हणून सांगत नाही. दिसलं ते सांगते.

"ती सुट्टीची सूचना होती, दोनदा गेली म्हणून पुसली," मी म्हणाले. "असली लिंक मी कशाला पाठवीन, सुनीता?"

सुनीताने तिथेच तिच्या थोबाडीत मारली. "बाईंचं नाव घेतीस व्हय गं? लाज न्हाई वाटत?"

समृद्धी रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली — रागाने नाही. बाई आत्ता सांगतील, अशी. ग्रुपवर आणखी कुणी तो मेसेज पाहिला असेलच. पण बाईंच्या विरोधात कोण बोलणार?

आता ती चौथीत आहे, पुन्हा माझ्याच वर्गात. अक्षर सुंदर, अभ्यास वेळेवर. काहीही म्हटलं की "व्हय बाई". वर्गात काही हरवलं की पोरं आधी तिच्याकडे बघतात. घरी आजी तिला 'खोटारडी' म्हणते, हे सुनीतानेच मला हसत सांगितलं. मीही हसले.

इथे थांबता आलं असतं. पण कबूल करायचं ते अजून पुढेच आहे. एक वेळ घाबरून खोटं बोलले, असं म्हणता येईल. दुसऱ्या दिवशी मी घाबरलेली नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी परिपाठ झाल्यावर मी फळ्यावर लिहिलं, 'लिंक उघडू नका'. माझा या विषयावरचा तो पहिला तास. समृद्धीला पुढे बोलावलं आणि काय चुकलं ते वर्गाला सांग म्हटलं.

"मी लिंक उघडली," ती म्हणाली.

"आणि?"

ती जागेवर परत जायला वळली.

"आणि काय केलंस, समृद्धी?"

"आणि बाईंचं खोटं नाव सांगितलं."

मी तिला शाबास म्हटलं, आणि वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.