रडायला आत्या बरी

वडिलांच्या डोक्याला कावळा शिवला तो वांग्याच्या वावरात, भर दुपारी. आमच्याकडे याला उपाय ठरलेला. ज्याला कावळा शिवला, तो मेल्याची खोटी बातमी लांब राहणाऱ्या नातलगाला कळवायची. तो मनापासून रडला की अरिष्ट टळतं, मग खरं सांगायचं. आमच्या घरी रडायला नेहमी आत्यालाच निवडत. वडिलांची धाकटी बहीण, विधवा, दम्यानं बेजार. सोनाळ्याच्या पुढे एका खेड्यात दिराच्या घरी राहायची. तिच्यासारखं कुणी रडत नसे.

लॉकडाउनचे दिवस होते. पूर्वी हे काम एका फोनवर भागायचं, पण माझ्या भावाला मोबाईलमधली सगळी अक्कल दाखवायची होती. त्यानं वडिलांच्या फोटोला हार चढवला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर सोडून दिलं. आत्यानं अंगणात बसून असा हंबरडा फोडला की गल्ली गोळा झाली. संध्याकाळी आईनं फोन करून खरं सांगितलं. आत्या हसली, आईला दोन शिव्या हासडल्या, विषय संपला.

आमच्यापुरता संपला. फोटो तोवर तिच्या गावात पोचला होता आणि वाटेत कुण्या शहाण्यानं त्याखाली 'करोनानं निधन' जोडलं होतं. वडील जिवंत आहेत हा खुलासाही भावानं टाकला. तो कुणीच पुढे पाठवला नाही. माणूस जगला, यात पाठवण्यासारखं काय असतं? आत्या आठवड्यापूर्वीच आमच्याकडून भाजीच्या टेम्पोत बसून परतली होती, हेही सगळ्यांना ठाऊक. भाऊ ठणठणीत आहे, असं ती घसा कोरडा करून सांगत राहिली. लोक म्हणाले, भीतीनं खोटं बोलते. दिरानं तिला मळ्यातल्या झोपडीत नेऊन टाकलं. तिचा दम्याचा पंप संपत आला होता.

वडील नवा पंप घेऊन त्याच टेम्पोतून निघाले. गावाच्या वेशीवर बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या. पहाऱ्यावरच्या माणसानं विचारलं, कोण तुम्ही.

"तिचा भाऊ."

"तिचा भाऊ तं करोनानं मेला." त्यानं मोबाईल काढला, फोटो पाहिला, वडिलांकडे पाहिलं. "मंग मेले नसान. पन झाला तं असंनच ना तुम्हाले."

वडिलांनी हात जोडले. मी आत येत नाही, निदान एवढं औषध तिच्या हाती द्या, म्हणाले. त्यानं पिशवी काठीनं ओढून दगडावर ठेवली. वस्तूला दोन-तीन दिवस कडक ऊन दाखवलं की रोग मरतो, असं त्याला व्हॉट्सअॅपवर आलं होतं. मग नेऊन देतो म्हणाला. चांगुलपणानं म्हणाला. मला त्याच्या त्या चांगुलपणाचाच सगळ्यात जास्त संताप येतो.

आत्या दुसऱ्या दिवशी श्वास कोंडून गेली. पिशवी उन्हातच होती.

वडील आता सत्तरीत आहेत, साधी सर्दी होत नाही. आई शेजारच्या बायकांना अजूनही मोठ्या तोऱ्यात सांगते, "यायच्यावरचं अरिष्ट टळलं बाई. उपाय लागू पडला." वडील बाजूलाच बसलेले असतात. ती म्हणते ते खोटं आहे असं त्यांना वाटत नाही.