यात मी कुठं बसायची?

घराचा नकाशा कितीदाही बदलो, तिचा प्रश्न हाच. शेवटच्या दुपारीही हाच होता. आम्ही नवरा-बायको ओसरीवर शेंगा फोडत बसलो होतो. पुढ्यात नगरच्या इंजिनिअरचा निळा कागद, चार कोपऱ्यांवर चार कांदे ठेवलेले. तिनं हात लुगड्याला पुसला आणि कागदावर बोट ठेवलं.

"अवो, ह्यात मी कुठं बसायची?"

"त्यो मागचा सैपाकघराचा चौकोन हाय ना, तिथं. किती डाव सांगू?"

"ह्यो तर माझ्या बोटाखाली झाकून गेला की."

"मग उभी ऱ्हा!" मी खेकसलो. ती हसली आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

दिवस मावळायला तिला दम लागला आणि ती गेली. बायकोशी माझं शेवटचं बोलणं हे असं.

कीव करू नका. आधी ऐका.

दुष्काळ सरून गेला होता, पुढच्या साली ऊस बरा निघाला. तिचा खोकला काही जाईना. काष्टीच्या डॉक्टरनं मलाच झापलं, "ह्यांना धुरात बसवू नका." आमचं स्वयंपाकघर म्हणजे मातीची आंधळी खोली, एक दार, खिडकी नाही. म्हणून घर मागं वाढवायचं ठरलं. नकाशा कुणाकडून काढायचा हे ती ठरवणार म्हणाली.

"जो येईल त्याला आधी माझ्यापाशी चुलीम्होरं बसवा. तीन भाकरी हुईस्तवर जो बसंल, त्याला काम."

अशी बाई तुमच्याही गल्लीत असेल. माणूस पारखायला तिला कागद लागत नाही.

इंजिनिअर आला. इस्त्रीची पँट, पाटावर टेकेना. पहिली भाकरी तव्यात पडली तोच डोळे चोळत बाहेर पळाला. बाहेरून म्हणतो, "मावशी, उंच ओटा करून देतो. उभ्यानं स्वयंपाक करा."

"मावशी म्हन्तोस अन् उभी करतोस व्हय रं?" ती आतून. "गुडघे तुझे दिशील का?"

मग गावातला गवंडी आला. शाळा माझ्याइतकीच, म्हणजे नाहीच. तो पाच भाकऱ्या होईपर्यंत बसला, त्यातल्या दोन खाल्ल्या. खोकत खोकत म्हणाला, "वयनी, खोली मागनं बांधू. आधी ही भिंत फोडून खिडकी काढू. उद्याच येतो."

"ह्योच माझा इंजिनिअर," ती म्हणाली.

ती निवड मी मोडली. देवळाली प्रवऱ्याला माझ्या व्याह्यानं इंजिनिअरकडून स्लॅबचं घर बांधलं होतं. मग मी गवंड्याच्या हातचं घर दाखवू? दुसऱ्या दिवशी गवंडी आला, त्याला दारातूनच परत लावला. "खिडकी कशाला पाहिजे? आता सगळं नवंच व्हनार हाय." ती दारात उभी होती. आत गेली आणि फुंकणी उचलली.

इंजिनिअरनं नकाशात पुढं बैठक काढली. मी म्हणालो, व्याह्याच्या बैठकीपेक्षा रुंद काढा. त्यानं काढली. मी म्हणालो, आणखी. चार वेळा नकाशा बदलला. दर वेळी बैठक फुगली आणि मागचा चौकोन आकसला. आठ महिने हे चाललं. आठ महिने ती त्याच खोलीत फुंकणी फुंकत बसली, त्याच इंजिनिअरला चहा करून देत राहिली. तो चहा ओसरीवर प्यायचा. त्याला काय बोलू? मीही ओसरीवरच प्यायचो. चाळीस वर्षांत मी एकदाही तीन भाकरी होईपर्यंत तिच्यापाशी बसलो नाही.

लोक म्हणतात, "सुटली बिचारी." एकाला तोंडावर विचारलं, "कशातनं सुटली? माझ्यातनं का?"

ती गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर निजवलेली होती. लेक येऊन पोचली होती, तिरडी बांधून झाली होती. मी उठलो, पहार घेतली आणि आत गेलो. चूल गार होती. ती बसायची तिथंच वरती, भिंतीत पहिला घाव घातला. बायका ओरडल्या, "आण्णा, आज न्हाई! आज आसलं करू नये!" भाऊ हात धरायला आला, त्याला ढकलून दिला. भिंत मातीचीच. कोणी पान खाऊन थुंकेपर्यंत आरपार भगदाड पडलं.

आठ महिने. आणि काम एवढंच होतं.

तसाच मातीनं भरलेला बाहेर आलो आणि म्हणालो, "आता उचला तिला."