मुद्दाम उलटी लावलेली बाही

आमची आत्या गेली. सगळा जन्म शर्टाच्या कारखान्यात काढला तिनं. ना लग्न, ना लेकरं. कारखान्यातल्या पोरी तिला मावशी म्हणायच्या.

जुन्या बायका काम सोडून गेल्या तेव्हा मालकानं सहा नवख्या पोरी तिच्या गळ्यात मारल्या. सुईत दोरा ओवायचा तरी जीभ बाहेर काढून.

मालक म्हणाला, "मावशी, ह्यांच्या हातून शर्ट निघतील?"

"हात आहेत ना? मग निघतील."

पण मशीनला तिनं हात लावू दिला नाही. आधी नुसतं उसवायला बसवलं. स्वतः शर्ट शिवायची आणि पोरींपुढं टाकायची. त्यातल्या एकीला सगळे वेंधळी म्हणायचे. ती वैतागली. "मावशी, आपण शिवायला आलोय का उसवायला?"

"टीप कुठनं कुठं जाते ते उसवल्याशिवाय कळत नाही बाई. आणि कापड फाटलं ना, तर तुझी धडगत नाही."

पुढं शिवायला लागल्यावर वेंधळी डावी बाही उजवीकडं लावायची. आत्या बोल बोल बोलायची आणि तिच्या शेजारी बसून एक बाही तिला देऊन, एक स्वतः घेऊन उसवायची. बोलणी खाऊन खाऊन सहाही पोरींचे हात बसले.

मग आत्या आजारी पडली. बरेच महिने घरात. परत गेली तर एकेक शर्ट उलटापालटा करून बघतेय, चूक म्हणून सापडेना. घरी येऊन ताटावर नुसती बसली. "पोरी तयार झाल्या गं. आता माझं तिथं काय काम?" कारखान्यातली ती खुर्ची सुटली तर ही जगायची नाही, हे आम्हाला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी एका शर्टाची बाही उलटी निघाली. आत्या कडाडली, "वेंधळे! डोळे घरी ठेवून आलीस?" सगळ्या पोरींनी माना खाली घातल्या. त्या रात्री ती पोटभर जेवली. मग रोज एक शर्ट चुकायचा, रोज आत्या भांडायची, उसवायची, जेवायची.

एकदा मला म्हणाली, "चुकून लागलेल्या बाहीला चुण्या पडतात. ह्यांच्या बाहीला एक चुणी नसते. मुद्दाम लावतात गं."

"मग बोलली का नाहीस?"

"कशाला? एवढ्या मायेनं कुणी चुकलंय का कधी माझ्यासाठी?"

एका सकाळी ती उठलीच नाही.

सगळं आटोपल्यावर तिचा चष्मा आणि डबा आणायला मी कारखान्यात गेले. खुर्ची रिकामीच होती. पोरी खाली मान घालून शिवत होत्या, मशीनचा आवाज तेवढा. वेंधळीनं मशीनखालनं शर्ट काढून झटकला आणि तशीच थांबली. बाही उलटी. ह्या वेळी चुण्याच चुण्या. रडता रडता खरंच चुकली होती.

तिनं सगळ्यांकडं बघितलं.

"अगं, ओरडा ना कुणीतरी," ती म्हणाली.

कुणालाच जमेना. मग शेजारची पोर तिच्याजवळ सरकली, एक बाही तिच्या हातात दिली, एक स्वतः घेतली, आणि दोघी उसवायला बसल्या.