माडावरून दिसणारे खोत

अलिबागला बायस्कोपच्या तंबूत पडद्याशेजारी उभा राहून एक माणूस मूकपट समजावून सांगायचा. आवाज असा, की समुद्रातल्या खांदेरी बेटावरचा दिवा फडफडायचा!

"क्यामेरा खालून बघतो, तो माणूस मोठा! वरून बघतो, त्याचे दिवस भरले!"

एवढा पंडित, पण राहायचा आमच्या गावच्या खोतांच्या वाडीत, खोतांच्याच झोपडीत.

एकदा पडद्यावरचा जुलमी जमीनदार वरून दिसला, खेकड्याएवढा. पंडित गप्प! तंबूतल्या एकमेव खुर्चीवरून आमचे खोत गुरगुरले, "का रे, ह्याचा अर्थ नाही सांगत?"

दोन हजार माणसांनी असा श्वास ओढला, की तंबू आत चेपला.

त्याने हात जोडले. "अर्थ काय न्हाय, खोतसाहेब. क्यामेरेवाला माडावर चढलाय. तिथनं समदेच खोत खेकड्यायेवढे दिसतात."

"उद्या झोपडी मोडतो तुझी!"

सकाळी खोत पहार घेऊन माणसांसकट निघाले, तर वाटेवरच्या प्रत्येक माडावर गावातला एकेक जण बसून खाली वाकून त्यांना निरखत होता. खोतांनी वर पाहिलं, उपरणं सावरलं आणि अर्ध्या वाटेतून परत फिरले.

सगळ्यांत उंच माडावर मी होतो. पंडिताचं माप चुकलं होतं. खेकडा बराच मोठा असतो.