कुंपणातली पांढरी कोरांटी

इंदापूरच्या एसटीचा कंडक्टर बारामतीच्या स्टँडवर मला बघून खाली उतरला आणि म्हणाला, "आबा, गेनबातात्या गेलं. काल माती झाली." दिवाळी नुकतीच सरली होती. गेनबासाठी घेतलेली तंबाखूची पुडी माझ्या हातात होती आणि मी त्याच गाडीनं त्याच्याकडं निघालो होतो... गाडीत चढावं की माघारी फिरावं, कळेना.

गेनबा आणि मी एकाच आळीत वाढलो. पुढं तो सासुरवाडीच्या जमिनीवर इंदापूरला गेला, मी हितं कालव्याच्या पाण्यावर राहिलो. ऊस दोघांचाही, पण उसावरून आम्ही कधी भांडलो नाही. भांडलो ते कोरांटीवरून. माझ्या कुंपणाला पिवळी. थंडी पडली की काट्याकाट्यातनं फुलते. त्याच्या दारात पांढरी, आणि आमच्या कारभारणीला वेणीत माळायला तीच हवी होती. आमच्याकडं मानतात, की कोरांटीची फांदी मागून आणली तर जगत नाही. गुपचूप मोडून न्यायची, आणि धन्यानं बघितलं तरी न बघितल्यागत करायचं. गेनबा तर मुद्दाम मला झाडापाशी बसवून घरात जायचा. बाहेर येऊन माझे रिकामे हात बघायचा.

"न्हेली न्हाईस अजून? चोरायलाबी धमक लागती, नामदेवराव."

"मी कुणाच्या दारातली काडी उचलत न्हाय. द्यायची तर हातात दे."

"दिली तर मरंल की रं."

"मरू दे मग."

अशी वर्षं गेली. कारभारीण म्हणायची, "तुमा दोघांच्या ताठ्यात माजी वेणी तशीच ऱ्हायली."

यंदा आषाढात तो आला तेव्हाच त्याला दम लागत होता. चहा पिऊन म्हणाला, "जरा खुरपं दे. वहाणंला चिखल लागलाय."

मी म्हटलं, "इंदापूरचा चिखल बारामतीत काढायला आलास व्हय?"

हसता हसता त्याला ढास लागली. तसाच तो कुंपणाआड गेला. बराच वेळ नुसता खोकला ऐकू येत होता... मी बाजेवरून उठलो नाही. घामाघूम होऊन आला, खुरपं भिंतीला टेकवलं आणि गेला. तो शेवटचा.

परवा मार्गशीर्षातल्या गारठ्यात पाण्याची बादली घेऊन कुंपणाशी गेलो, तर पिवळ्या फुलांच्या दाटीत, अगदी खाली, एक पांढरं फूल. वाकून बघितलं. कोवळ्या फांदीच्या बुडाशी बारक्या दगडांचं आळं केलेलं. दगड एकाला एक नीट टेकवलेले. गेनबाच तसं आळं करायचा. मी मागितली नाही, त्यानं दिली नाही, आणि फांदी मात्र रुजली.

कारभारीण शेजारी येऊन उभी राहिली. डोळ्याला पदर लावून म्हणाली, "तोडू का?"

"मला इचारू नको," मी म्हटलं, आणि तोंड फिरवलं.

आता रोज सकाळी मी त्या आळ्यात पाणी ओततो. ओतता ओतता कुंपणापलीकडं कुणाला तरी ढास लागते, वहाण मातीवर घासते... मी मान वर करत नाही. न बघितल्यागत करायचं असतं.