गिटार कुणी कापली?

बाई स्टेजवर वाजवत असताना तिच्या दिसण्यावर कुणी बोललं, तर माझ्या मावशीइतकं भडकणारं माणूस डोंबिवलीतच काय, पार कसाऱ्यापर्यंत सापडणार नाही. मावशी गणिताची निवृत्त शिक्षिका. वय अडुसष्ट. देवपूजा आटोपली की टॅबवर परदेशातल्या कुठल्यातरी बाईची इलेक्ट्रिक गिटार सुरू. कुकरच्या शिट्ट्या तिला ऐकू येत नाहीत, पण त्या बाईनं एक सूर मुद्दाम किती ताणून धरला ते बरोबर ऐकू येतं. गेल्या दिवाळीत फराळाला आलेला माझा मेव्हणा तो व्हिडिओ बघून म्हणाला, "हिला काय, चामड्याची पँट घातली की पब्लिक येणारच." मावशीनं त्याच्यापुढची चकलीची बशीच उचलली. "सेक्स अपील आहेच तिच्यात!" ती गरजली आणि माझ्या काकांना चिवड्याचा ठसका लागला. "असू दे की! वीस वर्षं घासलंय तिनं, बोटांना घट्टे पडलेत, म्हणून तशी ऐटीत उभी राहते. तुला ती पँट घालून उभा केला तर कुत्रं तरी बघेल का?" माझी बायको वातावरण निवळावं म्हणून म्हणाली, "मावशी, मी तर दिसणं बघतच नाही, फक्त कला बघते." तर तिलाही प्रसाद मिळाला. "खोटं बोलू नकोस. बघतेस. खुशाल बघ. पण बघून झाल्यावर ऐक तरी!"

मावशीच्या वरच्या मजल्यावर केतकी राहते. कॉलेजातली मुलगी, चार मुलांच्या रॉक बँडमध्ये मुख्य गिटार वाजवते. तिचा रियाज सुरू झाला की सोसायटीतले लोक खिडक्या लावतात आणि मावशी दार उघडून बसते. सेक्रेटरी तक्रार घेऊन आले तेव्हा तिनं त्यांना दारातच सुनावलं, "तुमच्या मिक्सरपेक्षा सुरात आहे." यंदा कॉलनीच्या मंडळानं दिवाळी पहाटेला याच बँडला बोलावलं आणि चौकात भलाथोरला फ्लेक्स लागला. मागे चारही मुलं आपापली वाद्यं घेऊन, पुढे केतकीचा हा एवढा चेहरा, खाली 'खास आकर्षण'. आणि तिची गिटार? गायब! खांद्यावर नुसता पट्टा. केतकी मावशीकडे येऊन रडली. "आजी, मुलं म्हणतात तुझ्या चेहऱ्यामुळेच चान्स मिळाला. म्हणजे मी वाजवते ते काहीच नाही का? मी सोडते बँड."

मावशी मला घेऊन तडक मंडळात. अध्यक्ष तिचाच जुना विद्यार्थी. "गिटार कुणी कापली?" "बाई, चेहरा लहान येत होता, म्हणून..." "आणि पोरांची नाही कापलीस?" "त्यांना कोण बघतंय बाई?" हे वाक्य बोलून त्या माणसानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. नवा फ्लेक्स करायला फ्लेक्सवाला जागेवर नव्हता, तो दिवाळीला गावी गेलेला. मग मावशीनं काय करावं? जाड मार्कर आणि फूटपट्टी घेऊन भर चौकात स्टुलावर चढली. मी खाली स्टूल धरून, लाजेनं मेलेलो. तासाभरात केतकीच्या चेहऱ्याखाली गिटार उगवली. दिसत होती दुधीभोपळ्यासारखी, पण तारा फूटपट्टीनं आखलेल्या. गर्दी जमली. गर्दीतून केतकी पुढे आली, बघत राहिली आणि हसायलाच लागली. "अहो आजी, तारा सहा असतात! तुम्ही सात काढल्यात." "मग ये उद्या आणि दाखव सगळ्यांना किती असतात ते," मावशी स्टुलावरून म्हणाली.

आणि आली हो पोरगी. पहाटे उटण्याच्या वासात, नव्या सदऱ्यांतल्या आजोबांसमोर तिनं अशी गिटार वाजवली की पहिल्या रांगेतले लोक हातातला चहा विसरले. तरी निवेदक माईकवर म्हणालाच, "वाजवतात छान, आणि दिसायलाही किती गोड..." मावशी तावातावानं उठली. पण केतकीनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आवाजाचं बटण फिरवलं आणि पुढचं गाणं सुरू केलं. निवेदकाचं तोंड हलत राहिलं, शब्द कुणालाच ऐकू आले नाहीत. मावशी खाली बसली.

घरी येताना ती माझ्यापुढे तरातरा चालत होती. मला वाटलं, निवेदकाला झापायचं राहिलं म्हणून घुश्शात असेल. जिन्यात गुडघा धरून थांबली आणि म्हणाली, "शाळेतल्या माझ्या निरोपसमारंभाला पाच जण बोलले रे. पाचही जण माझ्या साड्यांवर बोलले. बाईंची निवड, बाईंचे काठ, बाईंचे रंग. आयुष्यभर गणित शिकवलं मी. एकानं तरी एखादं गणित आठवायचं."

त्या पाचांतला एक मीच होतो. दोनदा नापास झालेल्या मला तिनं रोज शाळा सुटल्यावर समोर बसवून दहावीचं गणित सोडवून घेतलं होतं. तेच सांगायला मी माईकपाशी गेलेलो. पण आधीचा वक्ता तिच्या साड्यांवर बोलला तेव्हा लोक हसले होते, म्हणून मीही साड्यांवरच बोललो आणि टाळ्या घेऊन खाली उतरलो.